तारीख मिळते, तयारी मिळत नाही

माझ्या एप्रनच्या खिशात शिंप्याकडे असते तशी मापाची टेप असते. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनआधी रुग्ण तपासायला आला की मी त्याच्या कमरेचा आणि मानेचा घेर मोजते. वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं तर कुणी काही बोलत नाही, पण पोटाभोवती टेप गेली की माणसं श्वास आत ओढून धरतात. 'मॅडम, ऑपरेशन हर्नियाचं आहे', 'डॉक्टर, दुखतोय तो गुडघा', असं सांगू लागतात. 'सोडा श्वास,' म्हणते मी, आणि सुटलेल्या पोटाचं खरं माप घेते.

ते माप पुरुषाचं ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बाईचं ८० किंवा जास्त भरलं, तर पुढचे चार आकडे मी फाइलमध्ये शोधायला लागते. रक्तदाब १३०/८५ किंवा वर आहे का? उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर? ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, १५० किंवा वर? एचडीएल, म्हणजे लोक ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली? पाचांपैकी तीन जुळले की त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. गोळ्या घेऊन आकडा खाली आलेला असला तरी तो धरायचाच. या साऱ्याच्या मुळाशी एकच बिघाड आहे, शरीर स्वतःच्याच इन्सुलिनला जुमानेनासं होतं, असं जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली अमेरिकेत मांडलं. त्यांनी त्याला 'सिंड्रोम एक्स' असं नाव दिलं होतं.

सुटासुटा पाहिला तर यातला एकही आकडा कुणाची झोप उडवत नाही. 'बीपी जरा बॉर्डरला आहे', 'शुगर थोडी वाढलीय, पण गोळी चालू आहे', ही वाक्यं मुंबईत घरोघरी ऐकू येतात. महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १८ ते ६९ वयोगटाची पाहणी केली, तेव्हा सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. यातलीच माणसं पुढे कधीतरी पित्ताशयातल्या खड्यांसाठी, गर्भाशयाच्या गाठीसाठी, मोडलेल्या खुब्यासाठी ऑपरेशनच्या टेबलावर येतात. त्या टेबलावर हे सुटे आकडे एकत्र होतात.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच सांगते. या शहरात ऑपरेशन ठरतं त्या दिवशी रुग्णाला तारीख मिळते, तयारी मिळत नाही. तारखेपर्यंतचे आठवडे, कधी महिने, नुसते निघून जातात. मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, कधी त्याच सकाळी, आम्ही त्याची साखर आणि रक्तदाब बघतो आणि त्यालाच विचारतो, 'इतके दिवस काय करत होतात?' हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

एक सकाळ सांगते. असल्फ्याच्या टेकडीवर राहणारे, एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन असलेले बावन्न वर्षांचे काका. उजव्या बाजूचा हर्निया. तारीख चार महिन्यांपूर्वी मिळालेली. यादीत त्यांचा दुसरा नंबर होता. बाहेर बाकावर त्यांची बायको बसलेली, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत चादर, स्टीलचा डबा, पेला आणि रिपोर्टची प्लास्टिकची फाइल. सिस्टरने काकांचं बोट टोचलं तर ग्लुकोमीटरवर ३२६. दुसरं बोट टोचलं, ३१९. रक्तदाब १७८/१०४. बीपीची गोळी घेतली का विचारलं, तर म्हणाले, 'ऑपरेशन आहे म्हणून दोन दिवस सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या.'

फाइल चाळली. चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात साखर २१४ अशी स्पष्ट छापलेली होती. त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'फिजिशियनला दाखवा.' काकांनी दाखवलं होतं. महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी त्या घेतल्या, संपल्या. पुढे कुणी बोलावलं नाही. त्यांना वाटलं, कोर्स पूर्ण झाला.

ऑपरेशन रद्द करायचा निर्णय माझा होता आणि तो बरोबर होता. पण 'म्हणजे आज नाही?' असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. रात्री जेवल्यापासून उपाशी असलेला माणूस बाकावर बायकोशेजारी जाऊन बसला, तिने डबा उघडला, आणि दोघांनी त्यातली चपाती-भाजी वाटून खाल्ली. चार दिवसांची बिनपगारी रजा त्यांनी टाकली होती. मुलाने एक दिवस बुडवला होता. इकडे ऑपरेशन थिएटरचा तास-दीड तास रिकामा गेला, आणि त्या तासासाठी यादीत मागे कुणीतरी ताटकळत होतं. हर्निया मात्र तिथेच होता. तो अडकला असता, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता, तर हेच काका रात्री दोन वाजता, हीच साखर घेऊन, इमर्जन्सीत आले असते, आणि तेव्हा मला नाही म्हणता आलं नसतं.

काकांकडे पाहून कुणी त्यांना लठ्ठ म्हणणार नाही. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. हातपाय काटकुळे. टेप लावली तर कंबर ९७ आणि मान ४० भरली. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आपल्याला फार पूर्वी दाखवून दिलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली चरबी अशी लपून राहते, पोटात, यकृतात, आणि वजनकाटा तिच्याबद्दल काही सांगत नाही. म्हणून माझ्या खिशात ती टेप.

'घोरतात का?' मी त्यांच्या बायकोला विचारलं. 'घोरतात कसले, मध्येच श्वास थांबतो. मी हलवते, मग परत चालू होतो.' वर्षानुवर्षं रोज नवऱ्याला हलवून श्वास घ्यायला लावणाऱ्या त्या बाईला हा आजार आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला भूल आणि तीव्र वेदनाशामक औषधं देणं म्हणजे काय, हे आम्हाला चांगलं माहीत असतं. ऑपरेशन नीट पार पडतं, रुग्ण वॉर्डात जातो, आणि रात्री तीन वाजता, चाळीस रुग्णांना दोन सिस्टर असताना, त्याला हलवायला ती शेजारी नसते.

टेबलावर नेमकं काय घडतं तेही सांगायला हवं, कारण लोकांच्या मनात याविषयी फार धूसर भीती असते. निरोगी, सडपातळ माणसाला भुलीआधी मास्कने पुरेसा ऑक्सिजन दिला, तर त्याचा श्वास थांबल्यावरही सात-आठ मिनिटं रक्तातला ऑक्सिजन टिकतो. तेवढ्या वेळात आम्ही घशातून श्वासनळीत ट्यूब घालतो. पोट सुटलेला माणूस उताणा झोपला की ते पोट फुप्फुसांना खालून वर दाबतं, आतला साठा आटतो, आणि अतिलठ्ठ माणसात तोच अवधी दोन-तीन मिनिटांवर येतो. पल्स ऑक्सिमीटरचा आवाज ऑक्सिजन उतरू लागला की खालच्या पट्टीत जातो. स्क्रीनकडे न बघता तो सूर आम्हाला कळतो. जाड मानेच्या, आखूड हनुवटीच्या माणसाच्या घशात लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासनळीचं तोंड दाखवणारं दिव्याचं उपकरण, धरलेला असताना तो सूर उतरत जातो, तेव्हाची ती मिनिटं फार लांब असतात.

मधुमेह जुना असेल तर सांधे आखडलेले असतात. मी रुग्णाला नमस्कार करायला सांगते. दोन्ही तळवे नीट जुळले नाहीत, बोटांमध्ये फट राहिली, तर मानेचे सांधेही तसेच असतील आणि ट्यूब घालायला त्रास होईल अशी शंका घ्यायची. जुना मधुमेह नसांवरही काम करून गेलेला असतो. जठर वेळेवर रिकामं होत नाही, म्हणून उपाशी असूनही पोटातलं उलटून फुप्फुसात जायची भीती. रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा दुबळ्या, म्हणून भूल देताच दाब धाडकन खाली. हृदयाला इजा झाली तरी छातीत दुखत नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा हृदयविकाराचा झटका कुणाच्या लक्षातच येत नाही. ऑपरेशनचा ताण स्वतःच साखर वाढवतो, कारण शरीर कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन सोडतं. साखर १८० च्या वर रेंगाळली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. जखम चिघळते. हर्नियात बसवलेल्या जाळीला किंवा बदललेल्या गुडघ्याला संसर्ग झाला, तर सगळं उघडून पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकेत तीन लाखांहून जास्त रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाखेरीज इतर ऑपरेशनं झालेले हे रुग्ण. लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे तिन्ही एकत्र असणाऱ्यांमध्ये हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या गुंतागुंती वाढलेल्या दिसल्या. मूत्रपिंडं अचानक निकामी होण्याचा धोका तर वजनाच्या पायरीप्रमाणे साधारण तिपटीपासून सातपटीपर्यंत गेला. नुसता लठ्ठपणा मोजला तर अनेक अभ्यासांत धोका एवढा वाढलेला दिसत नाही. म्हणजे वजन हे एकट्याने गुन्हेगार नाही. त्याच्या जोडीला साखर आणि दाब आले की गणित बदलतं. आणि साखर-दाब या दोन्ही गोष्टी काही आठवड्यांत सुधारता येतात.

काही वाईट झालं की आपल्याकडे म्हणतात, 'भूल जास्त झाली.' मला याचा राग येत नाही, वाईट वाटतं. भुलीची औषधं आणि यंत्रं गेल्या काही दशकांत कितीतरी सुरक्षित झाली. धोका उरला आहे तो आम्ही ज्या शरीराला भूल देतो त्यात, आणि ते शरीर आम्हाला फार उशिरा भेटतं.

याला 'फिटनेस' हा शब्दही जबाबदार आहे. 'मॅडम, फिजिशियनचं फिटनेस आलंय,' असं सर्जन फोनवर सांगतात. लेटरहेडवर एक ओळ असते, 'फिट फॉर सर्जरी', खाली सही आणि शिक्का. त्या ओळीने मला काही कळत नाही. माणूस फिट की अनफिट हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. त्याच्यात काय बिघडलेलं आहे, त्यातलं ऑपरेशनआधी किती सुधारेल, त्यासाठी किती दिवस लागतील, आणि तेवढे दिवस त्याचा मूळ आजार थांबेल का, हे प्रश्न आहेत. मुंबईतल्या लहान नर्सिंग होममध्ये तर आमच्यापैकी बरेच जण फिरते. सकाळी मुलुंड, दुपारी चेंबूर. रुग्णाची आणि आमची पहिली भेट टेबलावर, किंवा फार तर ऑपरेशनच्या अर्धा तास आधी. आधी तपासायला बोलावलं तर त्याची वेगळी फी कुणी द्यायची, यावर घासाघीस. मीही अशी कामं केली आहेत. अर्ध्या तासात टेपने माप घेता येतं, माप कमी करता येत नाही.

औषधांची गोष्ट तर याहून नाजूक झाली आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, आपल्याकडे २०२० नंतर स्वस्त झाल्या आणि घराघरांत पोचल्या. हृदयासाठी, मूत्रपिंडासाठी चांगल्या गोळ्या आहेत त्या. पण मोठ्या ऑपरेशनआधी त्या निदान तीन दिवस बंद ठेवाव्या लागतात. नाहीतर उपाशी, ताणाखालच्या शरीरात आम्ल साठतं आणि ग्लुकोमीटर मात्र १५०-१६० असा साळसूद आकडा दाखवत राहतो. रुग्ण धापा टाकत असतो, आणि साखर चांगली आहे म्हणून सगळे निर्धास्त. दुसरीकडे रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या बंद करायच्या नसतात. बीटा-ब्लॉकर अचानक तोडणं हृदयाला महागात पडू शकतं. काही गोळ्या बंद, काही चालू. काकांनी मात्र सगळ्याच बंद केल्या, कारण गोळ्यांबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आणि आता वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. या औषधांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. रुग्ण सकाळी खरोखर उपाशी असतो, आणि सोनोग्राफीत त्याच्या पोटात आदल्या रात्रीचं जेवण दिसतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन थांबवायला सांगितलं. २०२४ मध्ये इतर संघटनांबरोबर त्यांनी ते बदललं: बहुतेकांनी चालू ठेवायला हरकत नाही, पण धोका वाटेल त्या रुग्णाला आदल्या दिवशी पातळ आहारावर ठेवा. हा निर्णय घ्यायचा तर रुग्ण इंजेक्शन घेतो हे आधी कळायला हवं. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून घेतलेलं इंजेक्शन लोक औषधात धरत नाहीत, आणि सासरच्या माणसांसमोर तर सांगतच नाहीत. तेवढा विश्वास ऑपरेशनच्या सकाळी, स्ट्रेचरवर, पाच मिनिटांत कसा मिळणार?

उपाशी राहण्याचंही तसंच. 'रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही,' हे वाक्य आम्ही अजून सोडलेलं नाही. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं, हे जगभर मान्य आहे. तरी दुपारी तीनचा नंबर असलेली मधुमेही मावशी पंधरा तास तोंड कोरडं ठेवून पडून असते. तिची साखर आधी खाली जाते, मग वर.

मग असं वाटेल की नीट तयारी करणं या शहराला जमतच नाही. जमतं. वजन कमी करण्याच्या बेरिॲट्रिक ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णाकडे बघा. तो आमचा सगळ्यांत अवघड रुग्ण असायला हवा. पण तो आधी आहारतज्ज्ञाला भेटतो. गरज वाटली तर त्याची झोपेची तपासणी होते. श्वास अडत असेल तर घरी सीपॅपचं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं, यंत्र मिळतं. ऑपरेशनआधी सुमारे दोन आठवडे त्याला अगदी कमी कॅलरीचा आहार देतात, त्याने यकृतातली चरबी उतरते, यकृत आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. भूलतज्ज्ञ त्याला आधी भेटलेला असतो. एवढ्या तयारीमुळे ही ऑपरेशनं आज सुखरूप होतात. तोच आजार घेऊन हर्नियासाठी आलेल्या वॉचमनच्या वाट्याला यातली एकही गोष्ट येत नाही. शास्त्र दोघांना एकच लागू आहे. फरक पॅकेजचा आहे.

इथे माझे काही सर्जन मित्र एक रास्त हरकत घेतात. ते म्हणतात, तुम्ही भूलवाले एचबीएवनसीचा आकडा पुढे करता आणि ऑपरेशनं अडवता. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हा आकडा ठरलेल्या ऑपरेशनसाठी शक्यतो ८ च्या खाली असावा असं अमेरिकेतली मधुमेह संघटना म्हणते, ब्रिटनमध्ये ८.५ पर्यंत चालवून घेतात. त्या आकड्याच्या वर असलेला रुग्ण परत पाठवला, की तो पुन्हा येतोच असं नाही. कर्करोगाच्या रुग्णाला तर तीन महिने नसतातच. मला ही हरकत पटते. कुणाच्या हातात नुसता आकडा देऊन 'हा कमी करून या' म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. गरीब रुग्णाच्या बाबतीत तर तो कायमचा नकारच ठरतो. म्हणून आकड्याची भिंत मला नको आहे. ज्या दिवशी सर्जन 'ऑपरेशन करावं लागेल' म्हणतो, त्या दिवशी मदत सुरू व्हावी एवढंच मागते आहे. कर्करोगाच्या रुग्णाला दोन-तीन आठवडे मिळतात, तेवढ्यात एचबीएवनसी फारसा हलणार नाही, पण रोजची साखर नक्की ताब्यात येते, दाब उतरतो, सिगारेट सुटू शकते, रोज जिने चढायची सवय लागते. हर्निया, गुडघा, पित्ताशय यांच्या रुग्णांना तर प्रतीक्षायादीच कित्येक आठवड्यांची. ती लांब असणं ही आपली लाज आहे. पण आहे तोवर ती वापरता येते.

यासाठी नवं रुग्णालय बांधायला नको. तारीख देतानाच एक छापील कागद द्यावा, मराठीत आणि हिंदीत, ज्यात कंबर, मान, दाब, साखर यांचे त्या दिवशीचे आकडे असतील आणि रुग्णाच्या गोळ्यांची नावं व त्यापुढे 'चालू' किंवा 'अमुक दिवस आधी बंद' असं लिहिलेलं असेल. भूलतज्ज्ञाची ओपीडी त्याच दिवशी, तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे. पालिकेने रुग्णालयांत मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीचे कक्ष सुरू केले आहेत. सर्जरीच्या ओपीडीतून त्या कक्षात चिठ्ठी गेली पाहिजे आणि तिचं उत्तर परत आलं पाहिजे. २०२२ पासून वस्त्यांमध्ये 'आपला दवाखाना' उघडले गेले, संध्याकाळी चालू असणारे, मोफत औषधं देणारे. असल्फ्याच्या काकांना दर पंधरा दिवसांनी साखर बघायला मोठ्या रुग्णालयात रांग लावायला सांगणं क्रूर आहे. रात्रपाळीहून आल्यावर त्यांनी झोपायचं कधी? टेकडीखालच्या दवाखान्यात त्यांची साखर बघितली जावी, गोळी तिथे मिळावी, आणि तो आकडा ऑपरेशनच्या यादीपर्यंत पोचावा.

पैशाचा प्रश्न खरा आहे, आणि तो सरकारने सोडवायचा आहे. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस धरले जातात आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस. ३ दिवसांत कुणाची साखर आणि कुणाचा दाब ताळ्यावर येणार? राज्यात आता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यात ठरवून करायच्या ऑपरेशनांसाठी सहा ते आठ आठवड्यांच्या तयारीची छोटी रक्कम वेगळी धरली, म्हणजे दोन एचबीएवनसी, भूलतज्ज्ञाची एक भेट, आहारतज्ज्ञाची एक, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, तर ती एका चिघळलेल्या जखमेच्या किंवा आयसीयूतल्या चार दिवसांच्या खर्चापुढे किती असेल, याचा हिशेब कुणीही करून पाहावा. खासगी मेडिक्लेम कंपन्यांनीही हा हिशेब करावा. गुंतागुंतीचं बिल शेवटी त्यांच्याकडेच जातं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. या सगळ्यात रुग्णाला दोष द्यायची आमची सवय सुटली पाहिजे. 'गोड कमी खा, चालत जा,' हे सांगायला आम्हाला अर्धं मिनिट लागतं. पहाटे पाचला डोंबिवलीहून निघून रात्री नवाला परतणारी बाई कुठे चालणार? बारा तास खुर्चीत बसून रात्र जागवणाऱ्या वॉचमनला स्टेशनबाहेर दहा-वीस रुपयांत पोट भरणारं काय मिळतं? वडापाव मिळतो. झोपेची उलटापालट एकटीच साखर बिघडवायला पुरेशी असते. त्याच्या दिनक्रमात जे बसेल ते आपण शोधून द्यायचं. काकांशी बसून आम्ही तेच शोधलं: ड्युटीवर निघताना ज्वारीची भाकरी आणि उसळ डब्यात, रात्रीचे चार गोड चहा बंद करून एक बिनसाखरेचा, आणि दर दोन तासांनी सोसायटीच्या आवाराला एक फेरी, तशीही ती त्यांना मारायचीच असते. गोळ्या दवाखान्यातून. फोन नंबर माझ्या सिस्टरचा.

अकरा आठवड्यांनी काका परत आले. एचबीएवनसी ७.८, दाब १३४/८२, कंबर ९३. फार मोठा चमत्कार नव्हे. मेटाबोलिक सिंड्रोम गेलेला नव्हताच, तो असा जात नाही. पण त्या सकाळी ग्लुकोमीटरवर १४८ होते, त्यांचा नंबर पहिला लावला होता, पाणी त्यांनी पहाटे प्यायलं होतं, आणि डोकं उंच ठेवून, पाठीतून भूल देऊन हर्नियाचं ऑपरेशन झालं. घशाला हातच लावावा लागला नाही. रात्री वॉर्डात त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर ठेवायला सांगितलं आणि बायकोला शेजारी थांबू दिलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर त्या म्हणाल्या, 'मॅडम, माझंही माप घ्या की.' टेप काढली. ९१. दोन्ही गुडघे झिजलेले, चालताना हात भिंतीला. दुसऱ्या एका रुग्णालयात गुडघा बदलायचं ठरलं होतं. त्यांनी पिशवीतून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. वर नाव, मध्ये आठ महिन्यांनंतरची तारीख, खाली 'उपाशी पोटी यावे' आणि सही. त्याशिवाय त्यावर काहीच नव्हतं. साखर शेवटची कधी बघितली विचारलं, तर म्हणाल्या, 'धाकट्याच्या वेळेला, बाळंतपणात. तेव्हा वाढली होती.' धाकटा तेवीस वर्षांचा आहे.

मी सिस्टरला बोट टोचायला सांगितलं, आणि तो कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पहिला आकडा लिहिला.